बँकेत ठेवलेली गाय

म्बेरेंग्वा,
शनिवार, २७ ऑक्टोबर २००७

तोंगाईदादा,

तू बरा असशील तर आम्ही बरे आहोत. पत्राची सुरुवात अशी करायची असते म्हणून केली. तू बरा आहेस हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि आम्ही बरे नाही.

हे पत्र लिहायचं मी तीन आठवडे टाळतोय. पहिल्यांदा बाइटब्रिजला आमचा ट्रक कस्टमच्या रांगेत अडकला तेव्हा सुरू केलं, तर आमचा ड्रायव्हर बांडा सही करायला पेन मागून घेऊन गेला आणि ते पेन एका कस्टमवाल्याच्या खिशात जाऊन बसलं. दुसऱ्यांदा झ्विशावानेच्या स्टँडवर बसलो, तर शेजारी दोन म्हातारे बाटल्यांच्या झाकणांनी सोंगट्या खेळत होते. त्यातला एक इतका वाईट खेळत होता की मला राहवलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याच्या बाजूने मीच खेळलो. हरलो. तू म्हणशील, हा असाच. हो, असाच. शाळेतून पळालेला, ट्रकवर भटकणारा, कशातच धड नसलेला. पण आज पेन आहे, कागद आहे, आणि राग इतका आहे की कागद फाटू नये म्हणून हळू लिहितोय.

आधी बातम्या. पावसाचा पत्ता नाही. ऊन असं की कोंबड्या चोची उघड्या टाकून भिंतीच्या सावलीला चिकटून बसतात. सरकारने सगळे भाव निम्मे करा म्हणून हुकूम काढल्यापासून नाक्यावरच्या दुकानात फक्त काड्यापेट्या आणि संडास धुवायचं औषध उरलंय. दुकानदार रोज सकाळी फळ्या पुसतो, वर विचारतो, "काय देऊ?" पाव मागितला तर म्हणतो, "पाव कसा असतो, आठवतं का तुला?"

नेत्साई माहेरी आली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा तिचा नवरा पासिपानोद्या रीतीप्रमाणे दोन बकऱ्या घेऊन तिला सोडायला आला. चालत, कडक उन्हात, लग्नातला कोट घालून. वाटेत एका बकरीने त्याची टोपी निम्मी खाल्ली. उरलेली निम्मी डोक्यावर ठेवून बिचारा दाराशी गुडघे टेकून बसला, आणि आत्या म्हणाली, "जावईबापू, आत या, नाहीतर बकरी तुमचा कोटही रीतीत घेईल." सगळे हसले. आई हसली नाही.

आता मुद्द्यावर येतो. बघ, पुन्हा बकरीत अडकलो होतो.

आई नेत्साईला हात लावणार नाही म्हणते.

तू ग्वेरूला बँकेत पंख्याखाली बसतोस, तुला कदाचित हे नुसतं एक वाक्य वाटेल. म्हणून सांगतो. आपल्या दवाखान्यातली नर्स जूनमध्ये सीमेपलीकडे मुसिनाला टोमॅटो तोडायला गेली, कारण तिथे मजुरी रँडमध्ये, टिकणाऱ्या पैशात मिळते. दवाखान्याला कुलूप आहे. या भागात बाळ जन्माला येतं ते आपल्या आईच्या, सुईणीच्या हातांवर. मुखियाच्या नातवापर्यंत सगळे त्याच हातांतून खाली आले. लेक दारात आली आहे, पोट खाली उतरलं आहे, आणि आई चुलीकडे तोंड करून सांगते, "मी हात लावणार नाही. माझा गोठा रिकामा आहे. कोणत्या तोंडाने माझ्या जमिनीखालच्या माणसांना हाक मारू की या पोरीला सांभाळा?"

नेत्साई म्हणाली, "आई, मग बाळालाही बँकेत ठेवू या ना. चौपट होऊन येईल."

हसत म्हणाली. मग तोंड फिरवून कितीतरी वेळ भाजी निवडत बसली. ती भाजी आधीच निवडलेली होती.

दादा, आईची गाय म्हणजे काय हे तुला सांगायची वेळ यावी? मुलीच्या लग्नात बापाला जावयाकडून जे मिळतं ते पैशात मिळो, घोंगड्यात मिळो, उधारीवर राहो, चालतं. आईची गाय मात्र जिवंत, चार पायांची, दोरीने ओढत आणलेली हवी. ती आईची एकटीची नसते. ती आईच्या आईची, तिच्या आईची, जमिनीखालच्या सगळ्या बायकांची असते. पासिपानोद्याने ती आणली होती. दोन वर्षं खाणीत खपून आणली. तांबडी कालवड, कपाळावर पांढरा ठिपका, डाव्या कानाला कुत्र्याने काढलेली चीर. आईने शेजारणींना टोमणा म्हणून तिचं नाव ठेवलं तिचाओना. 'बघूच आता.' बघितलंच.

गेल्या वर्षी तू आलास. टाय लावून आला होतास, तो टाय मला आठवतो, त्यावर छोटी छोटी जहाजं होती. समुद्र नसलेल्या देशात जहाजांचा टाय. आईच्या पुढ्यात बसून तू काय काय म्हणालास तेही आठवतं, मी दाराशी भुईमूग सोलत होतो.

"आई, दुष्काळ येतोय. गाय मेली तर तुझ्या हातात काय राहील? कातडं."

"अरे, पण ती वासरू देईल."

"देईल तेव्हा देईल. एक, दोन वर्षांनी. बँक दर वर्षाला तीनशे टक्के देते. तीनशे! तुझी एक गाय ठेवली तर वर्षाने चार होतील. कोणती गाय वर्षात तीन वासरं देते, सांग?"

आईने मान डोलावली. तुझ्या तोंडून आलेला आकडा होता तो. तू आपल्या घरातला पहिला पांढऱ्या शर्टाचा माणूस. मीसुद्धा भुईमूग तोंडात टाकत मनात म्हटलं, दादा हुशार आहे बुवा. आईने एवढंच विचारलं, "तिथे तिला चारा कोण घालेल?" तू हसलास. सगळे हसलो. मग तू म्हणालास, गिऱ्हाईक मी बघतो, तू नको बाजारात धावपळ करू. आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलास, पैसे आईच्या नावाने बँकेत ठेवलेस.

त्यानंतरचं तुला माहीत नाही. तू आलाच नाहीस. रेडिओवर जेव्हा जेव्हा सांगायचे की देशाच्या बँकेने व्याजाचा दर वाढवला, तेव्हा आई हातातलं काम टाकून अंगणात यायची. पाचशेच्या पुढे गेला, सहाशेच्या पुढे गेला. कर्जाचा दर तो, ठेवीचा नव्हे, पण तिला कोण सांगणार? ती आत्याला हाक मारून सांगायची, "वन्सं, ऐकलंत का? माझी गाय पुन्हा व्याली!" रिकाम्या गोठ्याकडे बघत म्हणायची हे. संध्याकाळी त्याच गोठ्याचं फाटक लावायचीही. आत काही नसताना.

आणि त्याच दुकानात साखरेचा भाव सकाळी एक, दुपारी दुसरा. कुणी म्हणेना की बाई, रेडिओवरचा आकडा चालत चाललाय आणि साखरेचा पळतोय.

सप्टेंबरमध्ये नेत्साईचा निरोप आला तेव्हा आई म्हणाली, आता गाय परत आणू. मी ट्रकवरून सुटून आलो होतो, मीच तिला झ्विशावानेच्या शाखेत घेऊन गेलो. सकाळपासून रांग. काचेमागची पोरगी तुझ्यासारखीच शिकलेली, तुझ्यासारखीच गोड. कागद बघून म्हणाली, "आजी, अभिनंदन! तुमचे पैसे चौपट झाले." आई तिथल्या तिथे, त्या सिमेंटच्या फरशीवर, सगळ्या लोकांसमोर गुडघ्यावर बसली आणि ओंजळ करून टाळ्या वाजवल्या, जशा आपण मोठ्या माणसाचे उपकार मानताना वाजवतो. मागून कोणीतरी खिदळलं. मी मागे वळून बघितलं तर तो माणूस खिदळत नव्हता, रडत होता. त्याचेही चौपट झाले होते.

नोटा मिळाल्या. दुधाच्या पिशवीसारखी नोटेवर मुदतीची तारीख. आईने त्या कमरेच्या कापडात बांधल्या आणि आम्ही थेट गुरांच्या बाजारात गेलो. तिथल्या व्यापाऱ्याने गाठोडं हातावर तोललं. मोजलंसुद्धा नाही.

"आजी, एवढ्यात शेपूट येईल. आणि तीही हलणार नाही."

"चौपट झालेत हो," आई त्याला समजावून सांगत होती. "बँकेतून आत्ताच आणलेत. ताजे आहेत."

आम्ही एक कोंबडी घेतली. म्हातारी. बसवाल्याने आमच्या दोघांचं भाडं सांगितलं ते उरलेल्या पैशांपेक्षा जास्त होतं, म्हणून मी माझ्याकडचे रँड दिले. बसमध्ये आई कोंबडी मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "चेंझिरा, तोंगाई म्हणाला होता पैसे चौपट होतील. झाले की रे चौपट. मग गाय कुठे गेली?"

मला वाटलं, कुठेच नाही, विरघळली, पाऊस जिरतो तशी जिरली. पैसा असाच जातो, त्याचं कोणी काही करू शकत नाही. तुझीही काही चूक नाही, तुला तरी काय कल्पना. खरं सांगतो, त्या दिवशी मी तुझी बाजू घेतली. आत्या तुला शिव्या देत होती तर तिच्याशी भांडलो.

इथे थांबावंसं वाटतंय. बाहेर नेत्साई पोट सांभाळत फेऱ्या मारतेय, आणि आत्या तिच्या प्रत्येक फेरीला काहीतरी बोलतेय. "अशी चाल, तशी नको, पोर वाकडं येईल." पण आज थांबणार नाही.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या ट्रकचा पट्टा शुरुग्वीजवळ तुटला. बांडा पट्टा शोधायला गेला, मी पाणी शोधायला. गुरांना औषधाच्या पाण्यातून काढतात तो हौद दिसला, तिथे गर्दी होती, धूळ होती, आणि कठड्यावर हातात काठी घेतलेला म्हातारा ओरडला, "अरे! हा तर आमच्या तोंगाईचा भाऊ! लग्नात सगळ्यात जास्त नाचलेला!"

तुझे सासरे. शुवाईवहिनीचे बाबा. इतका भला माणूस, दादा. मला सावलीत बसवलं, आंबवलेल्या मक्याचं थंडगार पेय दिलं, एक मग, मग दुसरा. आणि म्हणाले, "ये, आपली गुरं बघ. तुझ्या भावाचीच आहेत. बँकेने त्याला कर्ज दिलं ना गेल्या वर्षी, नोकरीवाल्यांना देतात तसं, नावाला व्याज. सहा घेतल्या. आता नऊ आहेत. कर्ज तर कधीच फिटलं. सांगत होता, शेवटचा हप्ता एका पावाच्या किमतीचा होता!" आणि मांडीवर थाप मारून हसले. त्यांना तो विनोद वाटतो. त्यात त्यांचा दोष नाही.

त्या नऊमध्ये एक तांबडी होती. कपाळावर ठिपका.

मी म्हटलं, तांबड्या गायी जगात काय कमी असतात? मग डावा कान बघितला. तरी म्हटलं, कुत्रेही जगात पुष्कळ. मग हळूच हाक मारली, "तिचाओना." औषधाने निथळत होती ती, थांबली. वळली. माझ्याकडे आली आणि माझा हात उलटा करून तळवा चाटायला लागली, कारण मी तिला तळव्यावर मीठ द्यायचो. तिच्या मागे वासरू होतं. तेही तांबडं.

"ही सगळ्यात गुणाची," तुझे सासरे म्हणाले. "आईकडून घेतली म्हणाला. पैसे मोजून."

खरंच मोजलेस तू. तेच तर. चोरी केली असतीस तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या.

मी सातवी नापास आहे, पण मागच्या ईस्टरला मी ग्वेरूला तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा बिअर चढल्यावर तूच मला शिकवलं होतंस. आठवतं? "चेंझिरा, हल्ली पैसे ठेवतो तो गाढव, पैसे घेतो तो शहाणा. भाव व्याजाच्या पुढे पळत असला की कर्ज आपोआप वितळतं. दुसरा कोणीतरी ठेवतो, आपण उचलतो, माल घेतो, आणि त्याला परत कागद देतो." मी म्हटलं होतं, मग तो दुसरा कोण असतो? तू म्हणालास, "असतो कोणीतरी. त्याला कळतही नाही. बँकेत जाऊन अभिनंदन घेऊन येतो."

तो दुसरा आपली आई होती, दादा! ते बोलताना तुला माहीत होतं! त्या तीनशे टक्क्यांचं पाणी किती खोल आहे हे मोजून तू तिला त्यात उतरवलंस, आणि स्वतः काठावर उभा राहून तिची गाय धरलीस. तिने ठेवलेलेच पैसे फिरून तुला मिळाले असतील, कुणाला ठाऊक. दुष्काळात गाय मरते म्हणून तू तिला सांगितलंस, आणि स्वतः सहा घेतल्यास. त्या मेल्या नाहीत साहेब. व्याल्या.

आपण असे दर रेडिओवर ऐकतो आणि वाटतं की वर कुठेतरी मोठी माणसं मोठे आकडे हलवतायत, आपला काय संबंध. तो आकडा आपल्याच घरात येऊन बसला होता, जहाजांचा टाय लावून, भुईमूग खात. माझ्याच हातचे सोललेले.

मी आईला सांगितलेलं नाही. आत्यालाही नाही. सासऱ्यांना काही बोललो नाही, फक्त तिच्या मानेला धरून जरा वेळ उभा राहिलो, आणि ते विचारत होते, "काय रे, ऊन लागलं का?" हो म्हटलं. तीन आठवडे पत्र न लिहायचं खरं कारण हे आहे. सोंगट्या वगैरे सगळी निमित्तं.

आता ऐक, कारण ही विनंती नाही. गुरुवारी नोव्हेंबर लागतो. तो महिना कुठल्याच कार्याचा नाही, त्यात आई जमिनीखालच्यांना हाक मारणार नाही, गाय दारात आली तरी गोठ्यात घेणार नाही. आणि नेत्साईचं पोट डिसेंबरपर्यंत थांबणारं नाही. म्हणजे बुधवारच्या आत तिचाओना इथे हवी; हे पत्र बांडा उद्याच तुझ्या हातात देईल. वासरासकट. दुसरी गाय चालणार नाही, पैसे चालणार नाहीत, तुझ्या बँकेचा चेक पाठवलास तर मी त्याने चूल पेटवेन, आणि आमच्याकडे सध्या काड्यापेट्या पुष्कळ आहेत. गुरं हलवायला पोलिसांचा दाखला लागतो, तो काढ. गाडी मिळत नसेल तर चालत आण. त्या टायनेच बांधून आण.

आणि नाही आणलीस तर मी आईला सांगेन. सगळं. मग तू परत या अंगणात

हे वाक्य अर्धं राहिलं, कारण बाहेर आत्या किंचाळली. मला वाटलं नेत्साई. धावत गेलो.

नेत्साई नाही. शुवाईवहिनी आली आहे.

तुझी शुवाई. जिला आम्ही पाठीमागे मडम म्हणायचो, जी लग्नात आमच्याकडच्या चटईवर रुमाल पसरून बसली होती. अनवाणी आहे. बूट नाड्यांनी एकत्र बांधून मानेत अडकवलेत, पायांना फोड आलेत, आणि हातातल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला तिचाओना. मागे वासरू. झ्विशावानेपर्यंत ट्रकमध्ये, तिथून कालपासून चालत. पोलिसांचा दाखला ब्लाउजमध्ये घडी करून. तिच्या बाबांनी तिला फोनवर सांगितलं म्हणे, की तुझा दीर आला होता, त्या तांबडीच्या गळ्यात पडून रडला, ऊन लागलं म्हणाला. बाकीचं तिने तुला विचारलं नाही. ती म्हणते, विचारायची गरज नव्हती, तू झोपेतसुद्धा आकडे मोजतोस.

ती गोठ्याच्या फाटकाशी गुडघ्यावर बसली. आई चुलीपासून उठून दारात आली, आणि वहिनी खाली बघत म्हणाली, "आई, ही तुमची गाय. आणि हे तिचं वर्षाचं व्याज."

आत्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. तूच ठरव ही बातमी केवढी मोठी आहे.

आईने विचारलं नाही कुठून आणलीस. कुणाकडून हेही नाही. एकदाही नाही, दादा. फक्त गोठ्याच्या फाटकाचं लाकूड काढलं आणि बाजूला झाली. मला वाटतं, तिला बसमध्येच कळलं होतं. त्यावरून तू काय समजायचं ते समज.

वहिनीला विचारलं, तुझ्या नावाने काही लिहू का. म्हणते, काही नको, गुरं मोजायला गेला की कळेल.

आई हात धुवायला पाणी मागतेय. ते आणायला जातो.

अजून तुझा भाऊ म्हणून सही करतोय. ही शेवटची की नाही, ते तू इथे येऊन आईपुढे उभा राहशील तेव्हा ठरेल.

चेंझिरा